मागच्या बाकावरचा कोच: वाचन शिकवणाऱ्यांना कोण शिकवतं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

आजचा विषय आहे शिक्षकांचं प्रशिक्षण. ऐकूनच काही जणांचं बोट पुढच्या भागाकडे गेलं असेल, "आम्ही कुठे शिक्षक आहोत?" म्हणून. थांबा जरा. आधी एक आकडा ऐका.

'असर' नावाची पाहणी तुम्ही ऐकली असेल. ग्रामीण भारतातल्या घरोघरी जाऊन मुलांच्या हातात एक कागद देतात आणि म्हणतात, वाच. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, शाळा बंद राहिल्यानंतर, हाच आकडा २०.५ होता. आणि २०१८ मध्ये २७.३. म्हणजे कोरोनाचा खड्डा भरून आपण परत जिथे होतो तिथेच आलो. तिसरीतल्या शंभर मुलांमधल्या त्र्याहत्तरांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, ही आपली 'सुधारलेली' परिस्थिती.

आता पुढचं बघा. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं. चौथीनंतर ते वाचून शिकतं. परिसर अभ्यास वाचायचा, गणितातली शाब्दिक उदाहरणं वाचायची, प्रश्नपत्रिका वाचायची. ज्याची गाडी तिसरीत अडकली, त्याचे सगळेच विषय अडकतात. आणि मग वर्गात त्याला एक अक्षर चिकटतं, ढ. बऱ्याचदा त्याचा प्रश्न फक्त वाचनाचा असतो, पण तो कुणी बघितलेलाच नसतो.

मग शिक्षकांना शिकवत नाहीत का कुणी? शिकवतात की! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दरवर्षी ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' कार्यक्रमाचं उद्दिष्टच सुमारे ४२ लाख शिक्षकांचं होतं. तुमच्या घरात कुणी शिक्षक असेल तर विचारा, प्रशिक्षणं कमी झाली अशी तक्रार कुणीही करणार नाही. उलट, "पुन्हा प्रशिक्षण?" असं म्हणतील.

आज मला बोलायचंय ते याच जागेबद्दल. प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्र मिळतं, आणि सोमवारी वर्ग असतो तसाच असतो. मधे नेमकं काय गळतं? आणि ते गळू नये म्हणून शाळेतच एक माणूस तयार करायचा तर तो कसा तयार करायचा?

बिहारचा उन्हाळा

आपल्या देशात यावर चांगले प्रयोग झालेत. मुंबईतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी मिळून केलेले. नंतर २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेच हे दोघं.

पद्धत साधी होती. मुलांना इयत्तेनुसार बसवायचं नाही, वाचता काय येतं त्यानुसार गट करायचे आणि त्या पातळीपासून शिकवायचं. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमधल्या सरकारी शिक्षकांनी महिनाभराच्या शिबिरांत हे केलं, आणि मुलं खरंच पुढे गेली. म्हणजे शिक्षकांना जमतं. पण शाळेच्या नेहमीच्या वर्षात, शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा काही फरक पडला नाही. सरकारी शिक्षक तेच, पद्धत तीच.

का? कारण नेहमीच्या दिवशी शिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो. वरून विचारणा होते ती 'कितवा धडा चालू आहे' याची. नवी पद्धत पहिल्या आठवड्यात अडखळते, तेव्हा ती सावरायला जवळ कुणी नसतं. मग माणूस जुन्या सवयीवर परत जातो. तुम्ही-आम्ही जिम लावतो आणि सोडतो, त्याच मार्गानं.

मग २०१२-१३ मध्ये हरियाणात वेगळं करून बघितलं. तिथे तालुका पातळीवर शाळांना भेटी देणारे अधिकारी होते, आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे. त्यांना चार दिवस प्रशिक्षण दिलं आणि सांगितलं, आता पुढचे पंधरा-वीस दिवस तुम्ही स्वतः शाळेत जाऊन रोज मुलांना शिकवा. भाषण नाही, पाहणी नाही. खडू हातात घ्या. त्यानंतरच त्यांनी आपल्या भागातल्या शिक्षकांना शिकवलं आणि नंतर वर्गात जाऊन त्यांना मदत करत राहिले. शाळेच्या दिवसात या कामासाठी एक तास राखून ठेवला होता. यावेळी हिंदी वाचनात सुधारणा दिसली. छोटी, पण पक्की, आणि सरकारी यंत्रणेच्या आतली.

मला यातले ते पंधरा-वीस दिवस फार महत्त्वाचे वाटतात. ज्यानं स्वतः मुलांसमोर उभं राहून ही पद्धत करून पाहिलीय, त्यात एकदा तोंडघशी पडलाय, त्याला पुढच्या शिक्षकाची अडचण सांगावी लागत नाही.

कोच म्हणजे नेमकं कोण?

इंग्रजीत याला 'लिटरसी कोच' म्हणतात. मराठीत 'साक्षरता' म्हटलं की आपल्याला प्रौढांची रात्रशाळा आठवते, म्हणून मी 'वाचनाचा कोच' म्हणते. आणि कोच हा शब्द आपल्याला परका नाहीच. आचरेकर सर आठवा. शिवाजी पार्कवर सचिनच्या स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून नेटमागे उभे. त्यांनी फलंदाजीवर तीन दिवसांची कार्यशाळा घेतली नाही. ते रोज बघत होते.

शाळेतला वाचनाचा कोच म्हणजे असाच एक शिक्षक. तो त्याच शाळेतला किंवा शेजारच्या शाळेतला. थोडा वेळ स्वतः मुलांना शिकवतो, आणि उरलेल्या वेळात इतर शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. आणि तो साहेब नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. साहेब येतात तेव्हा काय होतं, आपण सगळ्यांनी पाहिलंय. वर्ग झाडला जातो, पाठ झालेली कविता म्हटली जाते, हुशार मुलं पुढच्या रांगेत येतात, आणि शेवटी शेरेबुकात 'अध्यापन समाधानकारक' लिहून साहेब चहा घेऊन जातात. त्यात वाचता न येणारं मूल दिसूच शकत नाही, कारण त्याला मागे बसवलेलं असतं.

कोच काय करतो ते सांगायला एक चित्र उभं करते. खरी माणसं नाहीत, पण असं रोज कुठेतरी घडतं.

समजा, सुनीताबाई तिसरीला शिकवतात. साहिल नावाचा मुलगा धडा वाचतो, पण गडबडतो. बाई दर वेळी म्हणतात, "नीट बघून वाच." शेजारच्या शाळेतले प्रकाशसर आज मागे बसलेत, वहीत काहीतरी लिहितायत. मधल्या सुट्टीत दोघं बोलतात.

"बाई, साहिलनं 'काळी गाय' कसं वाचलं, आठवतंय?"

"काळा गाय म्हणाला ना? घाई असते त्याला फार."

"मी लिहून घेतलंय बघा. 'काळी'चं 'काळा'. 'शाळेत'चं 'शाळा'. 'मोरानं'चं 'मोर'."

बाई वहीकडे बघत राहतात. "पहिलं अक्षर सगळीकडे बरोबर आहे की. म्हणजे हा शब्दाची शेपटी वाचतच नाही. पुढचं अक्षर बघतो आणि ठोकून देतो."

"मग उद्या काय करून बघायचं?"

एवढंच. यात प्रकाशसरांनी 'तुमचं चुकतंय' असं म्हटलं नाही. उत्तरही त्यांनी सांगितलं नाही, बाईंनीच काढलं. त्यांनी फक्त मुलानं काय वाचलं ते शब्दशः टिपलं होतं. वर्गात तीस मुलांकडे बघणाऱ्या बाईंना ते टिपायला तिसरा हात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांचं काम. फळ्यावर काळा, काळी, काळे, काळ्या. खाली घोडा, गाय, ढग, चपला. मुलांनी जोड्या लावायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. मग शाळा, शाळेत, शाळेतून, शाळेला. आधी प्रकाशसर पाच-सहा मुलांना घेऊन करून दाखवतात आणि बाई बघतात. मग बाई करतात, सर बघतात. पुढच्या आठवड्यात परत.

इथे मला थोडं विषयांतर करू द्या, कारण मराठी वाचनाची ही खास गंमत आहे. इंग्रजीतून आलेल्या बऱ्याच युक्त्या शब्दाच्या सुरुवातीवर भर देतात. पण मराठीत निम्मा अर्थ शब्दाच्या शेवटी असतो. घरात, घराला, घरातून, घरापेक्षा. शेपटी सोडली की कोण कुठून कुठे गेलं हेच कळत नाही. साहिलला 'आकलन' नाही असा शेरा बसतो, आणि खरं तर त्याला 'त' आणि 'तून' वाचायची सवय नाही.

चांगला शिक्षक आपोआप कोच होत नाही

आता मुख्य प्रश्न. असे प्रकाशसर आणायचे कुठून?

सगळ्यांना वाटतं, शाळेतला सर्वात चांगला शिक्षक उचला आणि कोच म्हणा. किंवा सर्वात ज्येष्ठ. दोन्ही फसतं. आपल्याला वाचता येतं, आणि ते इतकं सहज येतं, की त्यात अवघड काय आहे हे आपण विसरून गेलेलो असतो. जरा बघा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू नंतर येते. नव्या डोळ्यांना हे उलटं आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्हींत अर्धा र आहे, पण एकात तो य च्या डोक्यावर बसतो आणि दुसऱ्यात य च्या आधी शेजारी. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर तोंडात एक आणि कागदावर तिसरंच. जे मूल घरी कातकरी, गोंडी, भिली किंवा पावरी बोलतं, त्याला यात शब्दांचे अर्थही अनोळखी.

म्हणून कोच घडवताना सगळ्यात आधी त्याला त्याच्याच लिपीकडे अनोळख्यासारखं बघायला शिकवावं लागतं. मुळाक्षरं अ पासून ज्ञ पर्यंत पाठ होऊनही मूल 'कमळ' का वाचू शकत नाही? कारण म्हणणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. थोडी अक्षरं आणि दोन-तीन स्वरचिन्हं एकत्र शिकवली तर आठवड्याभरात मूल खरे शब्द वाचायला लागतं, ते का? फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन आणि त्यांचे सहकारी, पालघर जिल्ह्यात सोनाळ्याहून काम करणारी 'क्वेस्ट', अशा मंडळींनी मुलांना मराठी वाचायला कसं शिकवावं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. ही शिदोरी आपल्याकडे आहे. ती वापरायला शिकवायची आहे.

दुसरं शिकवावं लागतं ते बघणं. गंमत वाटेल, पण हे फार अवघड आहे. शिक्षकाला वर्गात बसवून 'काय दिसलं ते लिहा' म्हटलं की पहिल्या दिवशी सगळे मतं लिहितात. 'छान शिकवलं.' 'मुलं रमली.' 'फळा नीट वापरला नाही.' यातलं एकही वाक्य सुनीताबाईंच्या उपयोगाचं नाही. मत पुसून घटना लिहायला शिकायचं. कोणत्या मुलानं कोणता शब्द कसा वाचला. बाईंनी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबल्या. चाळीस मिनिटांत किती मुलांनी प्रत्यक्ष वाचलं, आणि कितींनी नुसतं मागून म्हटलं. यासाठी मोबाइल उत्तम आहे. पाच मिनिटांचं चित्रीकरण करा, चार-पाच होऊ घातलेल्या कोचांनी ते वेगवेगळं बघून लिहा, मग ताडून बघा. पहिल्यांदा सगळ्यांच्या वहीत वेगळाच वर्ग निघतो.

आणि तिसरं, बोलणं. मला विचाराल तर खरी परीक्षा इथेच आहे. आपल्याकडे मोठ्या माणसानं लहानाला सांगायचं, ही रीत. आता कल्पना करा, एकोणतीस वर्षांचे प्रकाशसर आणि त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या सुनीताबाई. बाईंनी कदाचित सरांनाच लहानपणी शिकवलेलं. तिथे "मॅडम, तुम्ही असं करायला हवं होतं" म्हटलं की दार बंद. म्हणून प्रशिक्षणात या संभाषणाची तालीम लागते, अक्षरशः नाटकाची असते तशी. एक बाई होतो, एक कोच, बाकीचे ऐकतात. प्रश्न कसा विचारायचा, विचारून गप्प कसं बसायचं, दहा गोष्टी दिसल्या तरी एकच कशी निवडायची. दहा सुधारणा सांगणारा कोच म्हणजे शेवटी साहेबच.

अमेरिकेत 'लिटरसी कोलॅबोरेटिव्ह' नावाचं एक प्रारूप होतं, त्याची रचना मला आवडते. शाळेतलाच शिक्षक निवडायचा. तो आधी वर्षभर शिकतो, स्वतःच्या वर्गात शिकवता शिकवता. त्यानंतर अर्धा दिवस मुलांना शिकवतो, अर्धा दिवस सहकाऱ्यांबरोबर काम करतो. म्हणजे खडू कधीच सुटत नाही. १७ शाळांत चार वर्षं केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोच कामाला लागल्यावर मुलांच्या वर्षभराच्या शिकण्यात पहिल्या वर्षी १६ टक्के वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी २८ आणि तिसऱ्या वर्षी ३२. आकड्यांपेक्षा त्यांचा चढता क्रम बघा. पहिल्या वर्षी कोच अजून शिकतोय, शिक्षकांचा विश्वास बसायचाय. सहा महिन्यांत 'निकाल काय?' विचारणाऱ्या व्यवस्थेला हे परवडतं का, हा खरा प्रश्न.

कार्यशाळा, भेट की व्हॉट्सॲप?

दक्षिण आफ्रिकेतला प्रयोग तर जणू याच प्रश्नासाठी केलेला आहे. नॉर्थ वेस्ट प्रांतात, सेत्स्वाना ही मातृभाषा वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांचे गट केले. दोन्ही गटांना तेच पाठ, तेच साहित्य. एका गटातल्या शिक्षकांना नेहमीसारखं एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाच्या वर्गात महिन्यातून एकदा वाचनाचा कोच गेला. दोन वर्षांनी प्रशिक्षणवाल्या शाळांतली मुलं इतर शाळांच्या पुढे होती, वर्षभराच्या शिकण्याच्या साधारण १९ टक्के. कोचवाल्या शाळांतली साधारण ४० टक्के. दुप्पट.

मग लगेच मनात येतं, प्रवासाचा खर्च कशाला, फोन आहे ना! तेही त्यांनी करून पाहिलं, म्पुमलांगा प्रांतात, इंग्रजी शिकवण्यासाठी. एका गटाला प्रत्यक्ष येणारा कोच, दुसऱ्याला टॅबलेट आणि फोनवरून बोलणारा कोच. वर्षभरानंतर दोन्ही सारखेच दिसले. सगळे खूश. पण तीन वर्षांनी चित्र पालटलं. प्रत्यक्ष कोच येणाऱ्या शाळांतली मुलं वाचनात पुढे गेली, फोनवाल्या शाळांत तसं झालं नाही.

मी स्वतः हे सगळं तुमच्या कानात फोनमधूनच ओततेय, तेव्हा फोनला नावं ठेवणं मला शोभणार नाही. पण साहिल 'शाळेत'चं 'शाळा' वाचतो हे व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसत नाही. तिथे दिसतात ते उपक्रमाचे फोटो.

इथे एक धोका सांगायलाच हवा. कोच हा लाउडस्पीकर आहे. आत जे सोडाल ते मोठं होऊन बाहेर येतं. २०२२ मध्ये एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंचा 'सोल्ड अ स्टोरी' नावाचा पॉडकास्ट आला. (आपल्याच जातीचा प्रकार! वेळ काढून ऐका.) अमेरिकेतल्या शाळांत मुलांना अनोळखी शब्द आला की चित्र बघ, संदर्भ बघ आणि अंदाज कर, असं शिकवलं जात होतं, आणि त्यामुळे असंख्य मुलांना नीट वाचता येईना, हे त्यात उलगडलंय. ज्यांच्या कामावर त्यात टीका झाली त्यांत आयरीन फाउंटस आणि गे सू पिनेल आहेत. मघाचं 'लिटरसी कोलॅबोरेटिव्ह' उभं करणाऱ्यांतही याच दोघी. आता हे दोन्ही कसं खरं? माझं मत असं, की वर्गात सोबत मिळाल्यानं शिकवणं सुधारतं, हे खरंच. पण काय शिकवायचं हा प्रश्न त्यानं सुटत नाही. साहिलला अंदाज करायला शिकवणारा कोच मिळाला असता, तर तो 'काळा गाय' आणखी आत्मविश्वासानं वाचू लागला असता.

मिसिसिपी राज्यानं दोन्ही टोकं एकत्र बांधली. २०१३ मध्ये कायदा केला, अक्षर-ध्वनीवर आधारित वाचनाचं सखोल प्रशिक्षण दिलं, आणि सर्वात मागे असलेल्या शाळांत राज्याचे कोच पाठवले. चौथीच्या वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत त्यांची सरासरी २०१३ मध्ये २०९ होती, २०१९ मध्ये २१९ झाली, म्हणजे देशाच्या सरासरीइतकी. त्या कायद्यात वाचता न येणाऱ्या मुलांना तिसरीतच ठेवायची तरतूदही होती, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला यावर वाद आहेत. तरी गरीब राज्यानं एवढी मजल मारली, ही साधी गोष्ट नाही.

आपल्याकडे खुर्ची आहे

महाराष्ट्रात कोच नाही असं म्हणवत नाही. त्याची खुर्ची १९९० च्या दशकापासून आहे. केंद्रप्रमुख. साधारण दहा-बारा शाळांमागे एक. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते, शिक्षक एकत्र येतात. कागदावर हे सगळं हरियाणापेक्षा जुनं आणि नीट बांधलेलं. पण अनेक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, आणि जिथे माणूस आहे तिथे त्याचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. पोषण आहाराची माहिती, यू-डायसची माहिती, आधार जोडणी, निवडणूक. सकाळी आलेला तक्ता दुपारी चारपर्यंत भरून पाठवायचा.

हे फक्त आपलंच दुखणं नाही बरं का. अमेरिकेत 'रीडिंग फर्स्ट' योजनेत शाळाशाळांत कोच नेमले होते. पश्चिमेकडच्या पाच राज्यांत २००७ मध्ये पाहणी केली तर अपेक्षा होती की कोचचा ६० ते ८० टक्के वेळ शिक्षकांबरोबर जावा. प्रत्यक्षात गेला २८ टक्के. उरलेला बराचसा कागदपत्रांत आणि चाचण्यांच्या कामात. कुठेही मोकळा माणूस दिसला की व्यवस्था त्याच्या हातात फाइल देते.

शिवाय आपल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. 'शाळेतला कोच' म्हणायला शाळेत तिसरं माणूस तर हवं! म्हणून मला वाटतं, आपल्याकडे अमेरिकेचं प्रारूप उचलून चालणार नाही. जवळच्या चार-पाच शाळा मिळून एक शिक्षक. आठवड्यातले तीन दिवस स्वतःची शाळा, दोन दिवस शेजारच्या. त्या दोन दिवशी त्याच्या वर्गाला बदली माणूस, आणि हे लेखी. बदलीशिवाय केलेली कोचिंग म्हणजे एका वर्गाचं पोट मारून दुसऱ्याला वाढणं. आणखी एक अट, कोचच्या वहीतलं काहीही वर पाठवायचं नाही. त्यावरून कुणाचा गोपनीय अहवाल लिहायचा नाही. हे एकदा मोडलं, की बाई परत हुशार मुलांना पुढे बसवणार.

आणि संख्या वाढवताना घाई नको. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी कोचिंगच्या ६० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. परिणाम चांगले निघाले, पण शंभराहून जास्त शिक्षकांना कवेत घेणाऱ्या कार्यक्रमांत ते बरेच कमी होते. कारण उघड आहे. वीस चांगले कोच घडवता येतात. एका आदेशानं दोन हजार नेमले, तर त्यातले बहुतेक नुसते पदनाम घेऊन फिरणार. 'निपुण भारत'चं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं असं आहे, त्यामुळे घाई होणार हे दिसतंच आहे.

डी.एल.एड. करणारे, नुकतेच रुजू झालेले बरेच जण हा पॉडकास्ट ऐकतात. तुम्हाला कुणी कोच नेमायची वाट बघायची गरज नाही. शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला म्हणा, माझ्या तासाला वीस मिनिटं मागे बसा आणि कोण काय वाचतं तेवढंच लिहा, पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडे बसतो. आधी स्वतःचा वर्ग उघडा, मग समोरचा आपला उघडतो.

आणि जे शिक्षक नाहीत त्यांनी, घरात तिसरी-चौथीतलं भाऊ-बहीण, भाचा-पुतणी असेल तर त्यांना त्यांच्याच पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा आणि फोनवर दोन मिनिटं आवाज टिपून घ्या. मधे टोकू नका. "नीट बघ" तर अजिबात म्हणू नका. नंतर एकटे बसून ऐका, आणि पुस्तकात काय होतं आणि मुलानं काय म्हटलं, हे शेजारी-शेजारी लिहून काढा. आठ-दहा शब्द पुरेत. ती यादी वर्गशिक्षकांना दाखवा, तक्रार म्हणून नाही, चहा घेता घेता. आणि जमलं तर मलाही पाठवा, मुलाचं नाव न घालता. पुढचा भाग जोडाक्षरांवर आहे, त्यात मला अशा याद्या हव्याच आहेत.

चला, भेटू.